बक्षीस, मोबदला की मानधन? रशियन भाषेतील बक्षिसाचे शब्द इंग्रजीत नेताना

रशियातील शहरांत इमारतींच्या प्रवेशद्वारांवर आणि बसथांब्यांवर हाताने चिकटवलेले कागद दिसतात. कागदाच्या खालच्या कडेला कात्रीने उभ्या पट्ट्या कापलेल्या असतात, प्रत्येक पट्टीवर तोच दूरध्वनी क्रमांक असतो आणि ज्याला हवी त्याने एक पट्टी फाडून न्यावी, अशी सोय असते. अशा कागदावर वारंवार आढळणारा मजकूर असा: ‘उतेर्यानी दोकुमेन्ती. नाशेद्शेवो प्रोशू वेर्नूत झा वोझ्नाग्राझ्देनिये.’ शब्दशः अर्थ असा की, कागदपत्रे हरवली आहेत. ज्याला सापडली असतील त्याला, मोबदल्याच्या बदल्यात, ती परत करण्याची विनंती करतो. रशियन भाषेचा दोन-तीन वर्षांचा अभ्यास झालेला विद्यार्थी हे वाक्य इंग्रजीत नेताना बहुधा ‘आय रिक्वेस्ट द पर्सन हू फाउंड देम टु रिटर्न देम फॉर रिम्यूनरेशन’ असे लिहितो. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात फारसे चुकलेले नाही, तरीही इंग्रजी वाचणाऱ्याला ते वाक्य परके वाटते आणि ‘रिम्यूनरेशन’ या शब्दामुळे तर कोणाला तरी नोकरीवर ठेवायचे आहे की काय, असा भास होतो. इंग्रजी भाषक अशा कागदावर एवढेच लिहितो: ‘लॉस्ट डॉक्युमेंट्स. इफ फाउंड, प्लीज कॉल. रिवॉर्ड ऑफर्ड.’

या दोन वाक्यांमधले अंतर कसे पार करावे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. रशियनमधून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्या मराठी भाषकाजवळ या कामी एक फार उपयोगी साधन असते, ते म्हणजे त्याची स्वतःची मातृभाषा; आणि त्याच्या वाटेतला एक सापळाही तीच मातृभाषा असते. दोन्हींचा विचार पुढे येईल. रशियन व इंग्रजी शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. रशियन शब्द उच्चारापेक्षा लेखनाच्या जवळ ठेवले आहेत, म्हणजे शब्दकोशात शोधताना अडचण येणार नाही.

पहिली पायरी: शब्दाआधी व्यवहार ओळखावा

‘वोझ्नाग्राझ्देनिये’ हा या विषयातला मध्यवर्ती शब्द आहे आणि सर्वांत फसवाही तोच आहे. रशियन श्रमसंहितेच्या 129 व्या कलमात वेतनाची व्याख्या ‘श्रमाबद्दलचे वोझ्नाग्राझ्देनिये’ अशी केलेली आहे. नागरी संहितेच्या 229 व्या कलमात सापडलेली वस्तू परत करणाऱ्याला जे मिळते तेही वोझ्नाग्राझ्देनिये. दलालाला किंवा प्रतिनिधीला करारानुसार मिळते ते वोझ्नाग्राझ्देनिये, लेखकाला आपल्या कृतीच्या वापराबद्दल मिळते ते वोझ्नाग्राझ्देनिये, फरारी गुन्हेगाराची माहिती देणाऱ्याला पोलीस देतात ते वोझ्नाग्राझ्देनिये, आणि संगणकप्रणालीतील सुरक्षेची त्रुटी शोधून कळवणाऱ्याला कंपनी देते तेही वोझ्नाग्राझ्देनियेच. इंग्रजीत या सहा ठिकाणी पाच वेगळे शब्द लागतात: अनुक्रमे ‘रिम्यूनरेशन’ किंवा साधे ‘पे’, ‘रिवॉर्ड’, ‘कमिशन’ किंवा ‘एजन्सी फी’, ‘रॉयल्टी’, पुन्हा ‘रिवॉर्ड’ आणि शेवटी ‘बाउंटी’. चौथ्या ठिकाणी एक अपवाद लक्षात ठेवावा: लेखकाला विक्रीच्या प्रमाणात नव्हे, तर एकदाच ठरावीक रक्कम मिळत असेल, तर ‘रॉयल्टी’ चालत नाही, ‘फी’ लिहावी लागते.

म्हणून शब्दकोश उघडण्यापूर्वी अनुवादकाने मजकुराला चार प्रश्न विचारावेत. देणारा कोण आहे आणि घेणारा कोण? कशाबद्दल दिले जात आहे: रोजच्या कामाबद्दल, एकाच कृत्याबद्दल, की आयुष्यभराच्या कर्तृत्वाबद्दल? रक्कम आधी जाहीर झाली होती, की काम झाल्यावर खुशीने दिली गेली? आणि ती देणे बंधनकारक आहे का?

येथेच मराठीचा उपयोग होतो. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की, ‘मराठीत मी येथे कोणता शब्द वापरला असता?’ असे स्वतःला विचारावे. आपल्याकडे मोबदला, मेहनताना, मानधन, बिदागी, दलाली, बक्षीस, पारितोषिक, पुरस्कार, बोनस असे शब्द आहेत आणि गायकाच्या बिदागीला कोणी दलाली म्हणत नाही, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. रशियन शब्दाने जे एकत्र बांधले आहे, ते मराठी शब्द आपोआप सुटे करतात. दलाली म्हटले की ‘कमिशन’, मेहनताना म्हटले की ‘पे’ किंवा ‘फी’, आणि शोधून देणाऱ्याचे बक्षीस म्हटले की ‘रिवॉर्ड’, अशी पुढची वाट बरीच सरळ होते. मी आजही एखाद्या करारात हा शब्द आला की, समासात आधी मराठी शब्द लिहितो आणि मगच इंग्रजीकडे वळतो.

मात्र ‘बक्षीस’ या शब्दाबाबत विशेष सावध राहावे लागते. मूळ फारसी असलेला हा शब्द तिन्ही भाषांत पोहोचला आहे. मराठीत शाळेतले पहिले बक्षीस, लॉटरीचे बक्षीस आणि हमालाच्या हातावर ठेवलेले बक्षीस, असे तिन्ही अर्थ प्रतिष्ठित आहेत. रशियनमधील ‘बाक्शीश’ला मात्र पूर्वेकडील देशांत द्यावी लागणारी वरकड रक्कम किंवा लाच अशी छटा आहे आणि इंग्रजीतील ‘बक्षीश’ही टीप आणि लाच यांच्या दरम्यान कोठेतरी घोटाळतो. रशियन मजकुरात ‘बाक्शीश’ दिसला म्हणून आपल्या बक्षिसाच्या निर्मळ अर्थाने ‘प्राइझ’ लिहिणे ही गंभीर चूक ठरेल.

दुसरी पायरी: ‘नाग्रादा’ आणि इंग्रजीतील दोन सख्खे शब्द

‘नाग्रादा’ या शब्दात इंग्रजीतील ‘रिवॉर्ड’ आणि ‘अवॉर्ड’ हे दोन्ही सामावलेले आहेत, आणि उच्चारात एवढे जवळ असलेले हे दोन शब्द अनुभवी अनुवादकांच्या हातूनही अदलाबदल होतात. भेद असा आहे: ‘रिवॉर्ड’ हा कृत्याचा परतावा असतो, तर ‘अवॉर्ड’ हा कोणत्या तरी अधिकारी संस्थेने विचारपूर्वक दिलेला सन्मान असतो. कुत्रा शोधून देणाऱ्याला रिवॉर्ड मिळते; शास्त्रज्ञाला अवॉर्ड मिळते. सैनिकी व शासकीय संदर्भात याच नाग्रादासाठी ‘डेकोरेशन’ हा तिसरा शब्द लागतो. ‘प्रेद्स्तावीत क नाग्रादे’ म्हणजे पदकासाठी शिफारस करणे. इंग्रजीत ‘टु रेकमेंड फॉर अ डेकोरेशन’. एखाद्याला ऑर्डर ऑफ लेनिन मिळाली असेल, तर ‘वॉज अवॉर्डेड द ऑर्डर ऑफ लेनिन’ असेच लिहावे. ‘वॉज रिवॉर्डेड विथ’ लिहिल्यास सन्मानाऐवजी हिशेब चुकता केल्यासारखे वाटते.

क्रियापद ‘नाग्रादीत’ तर याहून दूरवर जाते. निसर्गाने कोणाला प्रतिभेने ‘नाग्रादीत’ केले, तर इंग्रजीत ‘एन्डाउड’; मित्रांनी टोपणनावाने केले, तर ‘निकनेम्ड’ किंवा ‘डब्ड’; आणि सहकाऱ्याने सर्दीतापाने केले, तर साधे ‘गेव्ह मी द फ्लू’. या शेवटच्या प्रयोगातली रशियन खोच इंग्रजीत शब्दाने आणता येत नाही. आजूबाजूच्या वाक्यांत ती जागा मिळाली तर घ्यावी, नाही तर सोडून द्यावी.

तिसरी पायरी: ओळखीचे चेहरे, अनोळखी अर्थ

‘प्रेमिया’, ‘प्रिझ’, ‘प्रिझ्योर’ आणि ‘गोनोरार’ हे चार शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच ते घात करतात.

‘प्रेमिया’चा पहिला अर्थ पगारावर मिळणारा बोनस. ‘क्वार्ताल्नाया प्रेमिया’ म्हणजे तिमाही बोनस. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या वेतनविषयक कागदपत्रांत मी याचे ‘क्वार्टर्ली प्रीमियम’ असे भाषांतर केले होते. इंग्रजी वाचणाऱ्या लेखापालाने ती रक्कम विम्याच्या खर्चात धरली आणि विमापत्राचा क्रमांक मागणारे पत्र पाठवले. त्या पत्रातले सौजन्य मला अजून आठवते आणि तेव्हापासून हा शब्द दिसला की माझा हात थांबतो. गंमत अशी की, विम्याच्या करारात ‘स्त्राखोवाया प्रेमिया’ म्हणजे खरोखरच ‘इन्शुरन्स प्रीमियम’. तेथे बोनस लिहिणे तितकेच चूक. तिसऱ्या अर्थाने प्रेमिया म्हणजे पुरस्कार, आणि येथे इंग्रजी नाव मनाने घडवता येत नाही: नोबेलसाठी ‘प्राइझ’ रूढ आहे, तर सोव्हिएत काळात भारतीय साहित्यिकांना दिल्या गेलेल्या सोव्हिएत लँड नेहरू पुरस्काराचे इंग्रजी नाव ‘अवॉर्ड’ असे होते. दोन्ही ठिकाणी रशियन शब्द एकच. पुरस्काराचे अधिकृत इंग्रजी नाव शोधून तेच वापरणे, एवढाच नियम येथे चालतो.

‘प्रिझ’ हा बहुतेक वेळा ‘प्राइझ’च असतो, पण जोडशब्दांत जपावे. ‘प्रिझ झ्रीतेल्स्किख सिम्पातिय’ याचा शब्दशः अर्थ प्रेक्षकांच्या पसंतीचे बक्षीस. चित्रपट महोत्सवाच्या इंग्रजीत ते ‘ऑडियन्स अवॉर्ड’ असते. ‘प्रिझ्योर’ हा शब्द तर शालेय प्रमाणपत्रांच्या अनुवादात रोज छळतो. रशियन शालेय ऑलिंपियाडच्या निकालात ‘पोबेदीतेली इ प्रिझ्योरी’ असे दोन गट असतात; पहिला गट विजेत्यांचा आणि दुसरा त्यांच्या खालोखालच्या मानकऱ्यांचा. दोन्हींचे भाषांतर ‘विनर्स’ किंवा ‘प्राइझ विनर्स’ केले, तर परदेशी विद्यापीठाला विद्यार्थ्याचे खरे स्थान कळत नाही. ‘विनर्स अँड रनर्स-अप’ हे त्यातल्या त्यात प्रामाणिक भाषांतर आहे. क्रीडावृत्तात मात्र प्रिझ्योर म्हणजे ‘मेडलिस्ट’.

‘गोनोरार’चा जुळा भाऊ इंग्रजीत ‘ऑनरेरियम’ आहे असे वाटते. परंतु ऑनरेरियम म्हणजे जेथे पैसे मागण्याची रीत नाही तेथे सन्मानार्थ दिलेली छोटी रक्कम, आपल्या मानधनासारखी. आणि गोनोरार ही वकिलाची, लेखकाची किंवा कलाकाराची पुरेपूर व्यावसायिक रक्कम असू शकते. म्हणून ‘फी’. वकिलाच्या करारातील ‘गोनोरार उस्पेखा’, म्हणजे खटला जिंकल्यासच देय असलेली रक्कम, इंग्रजीत ‘सक्सेस फी’ होते.

चौथी पायरी: देऊ केले, की देऊ करत होता?

नाम ठरल्यावर क्रियापदाकडे वळावे. रशियन क्रियापदाचे पूर्ण आणि अपूर्ण असे दोन पक्ष असतात, हे पहिल्याच वर्षी शिकवले जाते. बक्षिसाच्या बाबतीत त्यांच्यातील भेद थेट अर्थावर येतो. ‘ओन प्रेद्लोझील वोझ्नाग्राझ्देनिये’ म्हणजे त्याने बक्षीस देऊ केले, एकदा आणि स्पष्टपणे: ‘ही ऑफर्ड अ रिवॉर्ड’. ‘ओन प्रेद्लागाल वोझ्नाग्राझ्देनिये’ म्हणजे तो देऊ करत होता, पुन्हा पुन्हा करत होता, किंवा त्याने करून पाहिले आणि समोरच्याने घेतले नाही. संदर्भ पाहून ‘ट्राइड टु ऑफर’ किंवा ‘केप्ट ऑफरिंग’ लिहावे लागते. साक्षीदाराच्या जबाबात हा फरक पुसला गेला, तर नाकारलेले पैसे स्वीकारल्यासारखे दिसू शकतात. मराठीत ‘देऊ केले’ आणि ‘देऊ करत होता’ हा भेद जिवंत आहे. त्याच्यावर विश्वास ठेवावा.

जाहीर बक्षिसासाठी ‘ओब्यावीत’, म्हणजे जाहीर करणे, आणि ‘नाझ्नाचीत’, म्हणजे नेमून देणे, ही क्रियापदे येतात. इंग्रजीत ‘अनाउन्स’ चालते, परंतु ‘अपॉइंट अ रिवॉर्ड’ मुळीच चालत नाही. ‘ऑफर’ किंवा ‘पोस्ट अ रिवॉर्ड’ लिहावे. डोक्यावर बक्षीस नेमले असेल, तर इंग्रजीत बक्षीस उरतच नाही, किंमत येते: ‘देअर इज अ प्राइस ऑन हिज हेड’. ‘सुलीत’ हे क्रियापद लागले, तर देणाऱ्याच्या शब्दावर लेखकाचा विश्वास नाही असे समजावे. ‘सुलीत झोलोतीये गोरी’, म्हणजे सोन्याचे डोंगर देऊ करणे, यासाठी इंग्रजीत ‘टु प्रॉमिस द मून’ आहे.

पाचवी पायरी: जाहिरातीचे वाक्य आणि आकडा

आता मराठीच्या सापळ्याकडे येऊ. आपल्या वर्तमानपत्रांत ‘शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस दिले जाईल’ असे छापलेले असते. रशियनमधील ‘नाशेद्शेमू वोझ्नाग्राझ्देनिये’ची ठेवण अगदी तीच आहे: धातूपासून बनलेले विशेषण, त्याला चतुर्थीचा प्रत्यय, आणि व्यक्तीचे नाव नाहीच. ही ठेवण आपल्या कानाला इतकी सहज वाटते की, ती इंग्रजीत नेताना काही बदलावे लागेल हे लक्षातही येत नाही आणि ‘टु द पर्सन हू हॅज फाउंड’ असे अवघडलेले वाक्य कागदावर उतरते. मराठीतच दुसरी ठेवणही आहे, ‘सापडल्यास कळवावे’ ही. इंग्रजीला ती जवळची आहे. म्हणून रशियन वाक्य मनात आधी ‘देणाऱ्यास’वरून ‘सापडल्यास’वर न्यावे आणि मग ‘इफ फाउंड’ लिहावे.

‘झा’ हा शब्दही पाहावा. ‘वोझ्नाग्राझ्देनिये झा इन्फोर्मात्सियू’ म्हणजे माहितीबद्दल बक्षीस, आणि ‘वेर्नूत झा वोझ्नाग्राझ्देनिये’ म्हणजे बक्षिसाच्या बदल्यात परत करणे. एकच ‘झा’, पण देणे-घेणे उलटे. पहिल्या ठिकाणी इंग्रजीत ‘रिवॉर्ड फॉर इन्फर्मेशन’ सरळ बसते. दुसऱ्या ठिकाणी ‘रिटर्न फॉर अ रिवॉर्ड’ म्हटले, तर परत करणारा सौदा करतो आहे असे वाटते. म्हणून वाक्य तोडून ‘रिवॉर्ड ऑफर्ड’ हे वेगळे वाक्य करावे.

‘वोझ्नाग्राझ्देनिये गारान्तीरुयेत्स्या’, म्हणजे बक्षिसाची हमी, हे शब्द अशा कागदांवर फार आढळतात. इंग्रजीत ‘रिवॉर्ड गॅरंटीड’ लिहिले की फसव्या योजनेचा वास येतो. रशियन वाचकाला ‘हमी’ या शब्दातून मिळणारा दिलासा इंग्रजी वाचकाला ‘ऑफर्ड’ या साध्या शब्दातूनच मिळतो. ‘खोरोशेये’ म्हणजे चांगले बक्षीस असेल, तर ‘जनरस’; ‘क्रुप्नोये’ म्हणजे मोठे असेल, तर ‘सब्स्टॅन्शियल’.

आकड्यांबाबत एक ठळक उदाहरण घेता येईल. बेस्लानच्या शाळेतील ओलीसकांडानंतर सप्टेंबर 2004 मध्ये रशियाच्या सुरक्षा सेवेने, म्हणजे एफएसबीने, अस्लान मस्खादोव आणि शामिल बसायेव या चेचेन बंडखोर नेत्यांविषयीच्या माहितीसाठी 300 दशलक्ष रुबल जाहीर केले. इंग्रजी बातम्यांत ही रक्कम सुमारे 1 कोटी डॉलर, म्हणजे ‘टेन मिलियन डॉलर्स’ अशी आली. अनुवादकाने मूळ चलनातील आकडा कधीही काढून टाकू नये. आधी रुबल लिहावेत आणि वाचकाला गरज असेल तर डॉलरमधील रक्कम ‘अबाउट’ लावून, त्या वेळच्या दराने द्यावी. येथे मराठी मनाला आणखी एक धोका असतो. 300 ‘मिल्लिओनोव’ वाचताच आपण 30 कोटी म्हणतो, आणि परत इंग्रजीकडे येताना एखादे शून्य वाटेत सांडते. रशियनमधून थेट ‘मिलियन’वर जावे. रशियन लेखनात दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे ‘1,5’ हे इंग्रजीत ‘1.5’ होते, हजारांमध्ये स्वल्पविरामाऐवजी मोकळी जागा असते. ‘व राझ्मेरे’ हे शब्द रकमेआधी येतात, त्यांचे ‘इन द अमाउंट ऑफ’ करण्याची गरज केवळ कायदेशीर मजकुरात असते. इतरत्र ‘अ रिवॉर्ड ऑफ’ पुरते. ‘दो’ हा दोन अक्षरी शब्द मात्र कधीच गाळू नये. त्याचा अर्थ ‘पर्यंत’, इंग्रजीत ‘अप टु’. तो गाळला तर कमाल रक्कम ही निश्चित रक्कम होऊन बसते. रुबलचे इंग्रजी लेखन ब्रिटिश पद्धतीत ‘ओ’ अक्षरासह आणि अमेरिकन पद्धतीत त्याविना होते. एक पद्धत निवडून शेवटपर्यंत पाळावी.

सहावी पायरी: कायद्यातील बक्षीस

कायदेशीर मजकुरावर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण येथे एका शब्दाची चूक केवळ कानाला खटकत नाही, तर अधिकार बदलते.

रशियन नागरी संहितेचा दुसरा भाग 1 मार्च 1996 रोजी अमलात आला. त्याच्या 56 व्या प्रकरणाचे नाव ‘पुब्लीच्नोये ओबेश्शानिये नाग्रादी’ असे आहे. इंग्रजीत ते ‘पब्लिक प्रॉमिस ऑफ अ रिवॉर्ड’ करावे. ‘पब्लिक ऑफर’ करू नये. ‘ऑफर’ म्हटले की इंग्रजी कायदा जाणणाऱ्याच्या मनात प्रस्ताव, स्वीकार आणि करार ही साखळी उभी राहते. इंग्लंडमधील 1893 च्या कार्लिल खटल्यात औषधी गोळा वापरूनही फ्लू झाल्यास 100 पौंड देण्याची जाहिरात हा सर्व जगाला दिलेला प्रस्ताव ठरला आणि वापर करणे हाच त्याचा स्वीकार मानला गेला. भारतात अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1913 मध्ये लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त या खटल्यात याच साखळीची दुसरी बाजू दाखवली: मालकाच्या हरवलेल्या पुतण्याला शोधून आणणाऱ्या मुनिमाला जाहीर झालेले 501 रुपये मिळाले नाहीत, कारण शोध घेताना त्याला बक्षिसाची माहितीच नव्हती, आणि जे माहीत नाही ते स्वीकारता येत नाही.

रशियन संहितेच्या 1055 व्या कलमात याच्या नेमके उलट आहे. कृत्य घोषणेमुळे केले की घोषणेशी संबंध नसताना केले, याने फरक पडत नाही; बक्षीस देण्याचे बंधन दोन्ही वेळा निर्माण होते. म्हणजे तो मुनीम रशियात असता, तर त्याची बाजू बरीच भक्कम ठरली असती. ‘ओबेश्शानिये’चे ‘ऑफर’ करणारा अनुवादक नकळत रशियन माणसावर इंग्रजी कायदा लादतो. शिवाय रशियन कायद्यात प्रस्तावासाठी ‘ओफेर्ता’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि ‘पुब्लीच्नाया ओफेर्ता’ची तरतूद 437 व्या कलमात वेगळी केलेली आहे, ‘पब्लिक ऑफर’ हे इंग्रजी शब्द तिच्यासाठीच राखून ठेवावेत.

229 व्या कलमाचा अनुवाद करताना हाच जागरूकपणा ‘दो’ या शब्दाबाबत हवा. वस्तू सापडून परत करणाऱ्याला तिच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस मागण्याचा हक्क आहे, वीस टक्के मिळण्याचा नव्हे. आणि वस्तू केवळ तिच्या मालकाच्याच दृष्टीने मोलाची असेल, उदाहरणार्थ जुनी पत्रे, तर रक्कम परस्पर संमतीने ठरते. कलमांत आणि नियमावल्यांत येणारे ‘विप्लाचिवायेत्स्या’ हे वर्तमानकाळी कर्मणी रूप आहे, परंतु त्याचे ‘इज बीइंग पेड’ होत नाही. नियमात ‘इज पेएबल’ आणि जाहीर सूचनेत ‘विल बी पेड’ लिहावे.

श्रमसंहितेच्या 191 व्या कलमात कामाबद्दलच्या प्रोत्साहनांची यादी आहे. तिच्यातील ‘ओब्याव्ल्यायेत ब्लागोदार्नोस्त’ याचे शब्दशः भाषांतर ‘आभार जाहीर करतो’ असे होईल. कार्यालयीन इंग्रजीत ते ‘इश्यूज अ कमेंडेशन’ आहे. ‘पोच्योत्नाया ग्रामोता’ म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ ऑनर’. ही सगळी ‘पोओश्श्रेनिया’ आहेत, आणि त्यांना ‘इन्सेन्टिव्ह’ म्हणावे की ‘रेकग्निशन’, हे पैसे आहेत की प्रशस्तिपत्र, यावरून ठरवावे.

सातवी पायरी: तोंडी वचने

बोलण्यातील रशियन माणूस ‘वोझ्नाग्राझ्देनिये’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. तो म्हणतो, ‘व दोल्गू ने ओस्तानुस’, म्हणजे मी ऋणात राहणार नाही. इंग्रजीत ‘आय विल मेक इट अप टु यू’. तो म्हणतो, ‘ने ओबीझू’, म्हणजे तुला नाराज करणार नाही, आणि याचा नाराजीशी काही संबंध नसतो. तो पैशांविषयी बोलत असतो, म्हणून ‘आय विल मेक इट वर्थ युअर व्हाइल’. ‘झा म्नोय ने झार्झावेयेत’, म्हणजे माझ्याकडे गंज चढणार नाही, यात परतफेड लवकर होईल असे आश्वासन आहे. गंज इंग्रजीत न्यायचा नाही, तत्परता न्यायची. ‘स मेन्या प्रिचितायेत्सा’ हे ‘आय ओ यू वन’ आहे, आणि त्याच जागी ‘स मेन्या बुतील्का’ म्हटले, तर बाटली प्रत्यक्ष येईलच असे नाही. ‘आय ओ यू अ ड्रिंक’ पुरेसे आहे. व्यवहार पार पडल्यावर पाजण्याची जी रीत आहे तिला ‘मागारीच’ म्हणतात. इंग्रजीत तिला नेमका शब्द नाही. कादंबरीत मूळ शब्द ठेवून पुढच्या वाक्यात प्रसंगातून अर्थ उमलू द्यावा, जबाबात मात्र सरळ ‘ड्रिंक्स टु सील द डील’ लिहावे.

‘ना चाय’ या प्रयोगापाशी मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटेल. रशियन माणूस वाढप्याला ‘चहासाठी’ पैसे देतो, त्यांना ‘चायेवीये’ म्हणतात. आपणही चहापाण्याला पैसे देतो. इंग्रजीत चहा नाही, ‘टिप’ आहे. परंतु आपले ‘चहापाणी’ कचेरीच्या खिडकीपाशी लाच होते, तशी छटा ‘चायेवीये’ला सहसा नसते; कचेरीतल्या पैशांसाठी रशियनमध्ये ‘व्झ्यात्का’ हा उघड शब्द आहे आणि ‘ओत्ब्लागोदारीत’, म्हणजे आभार मानून परतफेड करणे, हा झाकलेला. हा दुसरा शब्द जबाबात आला की, अनुवादकाने तो झाकलेलाच ठेवावा: ‘शो माय अप्रीसिएशन’. ‘ब्राइब’ लिहिणे हे न्यायालयाचे काम आहे. टक्केवारीने परत येणारे पैसे असतील, तर शब्द ‘ओत्कात’ आणि इंग्रजीत ‘किकबॅक’.

याच ओघात भारतीय अनुवादकांसाठी एक सूचना. रशियन प्रशासकीय गुन्हे संहितेच्या 19.28 व्या कलमात संस्थेच्या वतीने दिलेल्या ‘नेझाकोन्नोये वोझ्नाग्राझ्देनिये’ला शिक्षा आहे. आपल्या न्यायालयांच्या आणि वर्तमानपत्रांच्या इंग्रजीतील ‘इल्लीगल ग्रॅटिफिकेशन’ येथे पटकन सुचते. भारतीय वाचकासाठी ते योग्य आहे, लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या वाचकाला मात्र ते जुनाट आणि संदिग्ध वाटेल. त्याच्यासाठी ‘अनलॉफुल रिम्यूनरेशन’ लिहावे आणि प्रथम उल्लेखात, ही कंपन्यांनी दिलेल्या लाचेची तरतूद आहे, असे स्पष्ट करावे.

आठवी पायरी: जेथे चित्रच बदलते

काही रशियन वाक्प्रचारांची इंग्रजी जोडी आधीपासून ठरलेली असते आणि तेथे शब्दशः अनुवाद करणे म्हणजे वाचकाचा रसभंग करणे होय. ‘क्नूत इ प्र्यानिक’ म्हणजे चाबूक आणि प्र्यानिक. प्र्यानिक हा मध व मसाले घातलेला केक, तुला शहराची त्यासाठी ख्याती आहे. इंग्रजीत केकच्या जागी गाजर आणि चाबकाच्या जागी काठी येते, आणि क्रमही उलटतो: ‘कॅरट अँड स्टिक’. ‘पोल्त्सार्स्त्वा झा कोन्या’, म्हणजे घोड्यासाठी अर्धे राज्य, हे शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या उद्गारांचे रशियन बोलीत रूढ झालेले रूप आहे. मूळ इंग्रजीत राजा संपूर्ण राज्य देऊ करतो. म्हणून रशियन पत्रकार ‘ग्लासभर थंड पाण्यासाठी अर्धे राज्य’ लिहितो, तेव्हा इंग्रजीत ‘माय किंग्डम फॉर’ असे पूर्ण राज्यच परत करावे लागते. ‘स्पासीबो ना ख्लेब ने नामाझेश’, म्हणजे आभार काही पावाला लावून खाता येत नाहीत, यासाठी ‘थँक्स डोन्ट पे द बिल्स’ चालते; लोण्याची चव हातची जाते, याची हळहळ मला दर वेळी वाटते.

आता एक संपूर्ण कागद

शेवटी एक पूर्ण मजकूर ओळीने घेऊ: ‘प्रोपाला सोबाका, रिझाया ताक्सा, ओत्क्लिकायेत्स्या ना क्लिच्कू चापा. विदेव्शिख इली नाशेद्शिख प्रोसिम पोझ्वोनीत. वोझ्नाग्राझ्देनिये गारान्तीरुयेत्स्या. ओचेन झ्द्योम.’

‘प्रोपाला’ हे क्रियापद इंग्रजीत शीर्षक होते, ‘लॉस्ट डॉग’. ‘रिझाया’ हा रंग मांजराला असता तर ‘जिंजर’ झाला असता. डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यासाठी इंग्रजीत ‘रेड’ हाच रूढ शब्द आहे, ‘ब्राउन’ लिहिल्यास शोधणारा भलत्याच रंगाचा कुत्रा शोधेल. ‘विदेव्शिख इली नाशेद्शिख’ येथे ज्यांनी पाहिले किंवा ज्यांना सापडले त्यांना केलेली विनंती ‘इफ’च्या वाक्यात न्यावी. पुढे लिंगाचा प्रश्न उभा राहतो. ‘सोबाका’ आणि ‘ताक्सा’ हे दोन्ही शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहेत, म्हणून कुत्री मादीच आहे असे ठरत नाही, आणि ‘चापा’ या नावावरूनही खात्री होत नाही. मालकाला विचारता येत असेल तर विचारावे, नाही तर सर्वनाम टाळून नाव वापरावे. ‘गारान्तीरुयेत्स्या’चे काय करायचे ते वर आलेच आहे. उरते ‘ओचेन झ्द्योम’, म्हणजे आम्ही खूप वाट पाहत आहोत. ‘वी आर वेटिंग व्हेरी मच’ असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही; घरातले माणूस हरवल्यावर इंग्रजी बोलणारा मालक जे लिहील ते लिहावे:

‘लॉस्ट डॉग. रेड डॅक्सहुंड, आन्सर्स टु चापा. इफ यू हॅव सीन ऑर फाउंड चापा, प्लीज कॉल. रिवॉर्ड ऑफर्ड. प्लीज हेल्प अस ब्रिंग चापा होम.’